‘ॲट युअर ओन रिस्क’ या इंग्रजी वाक्प्रयोगाला पोर्तुगीजमध्ये काय म्हणावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकण किनाऱ्यावरील एका पर्यटन व्यवसायासाठी आपण इंग्रजी मजकुराचे पोर्तुगीज भाषांतर करीत आहात आणि तो वाचणाऱ्या पाहुण्यांपैकी काही पोर्तुगालचे, तर काही ब्राझीलचे असतील. त्या मजकुरात ‘ॲट युअर ओन रिस्क’ हा वाक्प्रयोग चार ठिकाणी आला आहे: पोहण्याच्या तलावाजवळच्या पाटीवर, वाहनतळाच्या पाटीवर, जलक्रीडेपूर्वी पाहुण्यांची सही घ्यावयाच्या संमतीपत्रात, आणि हस्तकलेच्या वस्तू परदेशी पाठवण्याच्या अटींमध्ये. शब्दकोशात आपल्याला ‘पोर सुआ कोन्ता ए रिस्को’ हा प्रतिशब्द मिळाला. तो चारही ठिकाणी चालेल का, असे आपण विचारले आहे.

व्याकरणाने तो चारही ठिकाणी बसतो. अर्थाने मात्र मी तो चारांपैकी एकाच ठिकाणी, म्हणजे संमतीपत्रात ठेवीन आणि उरलेल्या तीन ठिकाणी वाक्य नव्याने लिहीन. शब्दकोशाने दिलेला प्रतिशब्द चुकीचा आहे असे यातून कृपया समजू नये. तो अस्सल, जुना आणि आजही रोजच्या वापरातला पोर्तुगीज प्रयोग आहे. अडचण इंग्रजीच्या बाजूने येते. तो एकच वाक्प्रयोग कधी धोक्याची सूचना देतो, कधी जबाबदारी झटकतो आणि कधी नुकसान कोणी सोसायचे ते ठरवतो. पोर्तुगीजमध्ये या तीन कामांसाठी वेगवेगळी वाक्ये लागतात. म्हणून प्रतिशब्द शोधण्याआधी त्या विशिष्ट जागी इंग्रजी वाक्य कोणते काम करीत आहे, हे ठरवावे लागते. हे एकदा ठरले की पुढचे काम बरेचसे सोपे होते.

(पोर्तुगाल आणि ब्राझील येथील उच्चार एकमेकांपासून दूर गेलेले असल्यामुळे पोर्तुगीज शब्द देवनागरीत लिहिताना मी येथे त्यांच्या लेखनाला जवळची रूपे वापरली आहेत. ‘रिस्को’ हा शब्द लिस्बनमध्ये ‘रिश्कु’ असा आणि रिओ दि जानेरोत ‘हिश्कु’ असा कानावर पडेल.)

प्रथम या प्रयोगाचा पिंड पाहू. ‘कोन्ता’ म्हणजे हिशेब, खाते. ‘रिस्को’ म्हणजे जोखीम. ‘पोर कोन्ता ए रिस्को दे’ म्हणजे अमुक एकाच्या खात्यावर आणि अमुक एकाच्या जोखमीवर. ही व्यापाऱ्यांची, त्यातही समुद्रावरच्या व्यापाऱ्यांची भाषा आहे. जहाजात भरलेला माल कोणाच्या खात्यावर चालला आहे आणि तो बुडाला तर कोणाचा बुडाला, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या शब्दजोडीत एकत्र दिलेली असतात. पोर्तुगीज कायदेपंडित पेद्रो दे सान्तारेम यांचा सागरी विम्यावरील लॅटिन ग्रंथ १५५२ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला आणि विमा या विषयावरील पहिल्या स्वतंत्र ग्रंथांमध्ये त्याची गणना होते. जोखमीची भाषा त्या समाजात किती लवकर घडली होती, याची त्यावरून कल्पना यावी. त्याच व्यवहारातला आणखी एक शब्द ‘दिन्येरो आ रिस्को’, म्हणजे जोखमीवर दिलेला पैसा: जहाज सुखरूप पोहोचले तर कर्ज चढ्या व्याजासह परत मिळायचे आणि जहाज बुडाले तर सावकाराचे पैसे त्याच्यासोबत बुडायचे. आपल्याकडील जोखमी हुंडीची कल्पना ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्या हुंडीची रक्कमही माल सुखरूप पोहोचण्यावर अवलंबून असे.

ही माहिती केवळ इतिहास म्हणून दिलेली नाही. ‘कोन्ता’ या शब्दामुळे आजच्या पोर्तुगीज वाक्यालाही एक छटा राहिली आहे, आणि आपल्या तलावाच्या पाटीवर नेमकी तीच नडते. ‘पोर सुआ कोन्ता ए रिस्को’ म्हटले की त्या माणसाने स्वतः होऊन, स्वतःच्या निर्णयाने आणि बहुधा इतरांचा सल्ला न मानता काहीतरी केले, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. ‘सगळ्यांनी नको म्हटले तरी तो पोर सुआ कोन्ता ए रिस्को निघाला’ हे त्याचे अगदी स्वाभाविक वाक्य होय. आईबाप मुलाला ‘जायचे तर जा, पण तुझ्या जबाबदारीवर’ असे ज्या सुरात म्हणतात, तो सूर त्यात आहे. गोव्यातील जुने पोर्तुगीज कागद मराठीत आणताना मी या प्रयोगासाठी ‘नफानुकसान स्वतःच्या अंगावर घेऊन’ असे लिहितो, कारण नुसत्या ‘स्वतःच्या जोखमीवर’ने त्यातला स्वेच्छेचा आणि हिशेबाचा भाग गळून जातो.

आता तलावाची पाटी घ्या. पाहुण्याने पैसे मोजले आहेत, तलाव त्याच्यासाठीच बांधला आहे आणि पाटी त्याला सांगते की तू स्वतःच्या खात्यावर व जोखमीवर पोह. पोर्तुगीज वाचकाला ही पाटी उद्धट वाटेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्यातून त्याला काहीच माहिती मिळणार नाही. इंग्रजी पाटीला खरे काय म्हणायचे आहे? येथे जीवरक्षक नाही, हे. पोर्तुगालमध्ये नेमके हेच सांगण्याची रूढ पद्धत आहे. ज्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो तेथे ‘प्राया नाँव विजियादा’, म्हणजे देखरेख नसलेला किनारा, असे लिहिलेले असते. तलावासाठी ‘पिसिना नाँव विजियादा’. जोखीम, हिशेब, जबाबदारी यांतला एकही शब्द त्यात येत नाही. वस्तुस्थिती सांगितली जाते आणि पुढचा निर्णय वाचणाऱ्याकडे राहतो. ब्राझीलच्या पाहुण्यांसाठी ‘पिसिना सेंय साल्वा-विदास’, म्हणजे जीवरक्षकाविना तलाव, हे अधिक थेट कळेल, कारण जीवरक्षकाला पोर्तुगालमध्ये ‘नादादोर-साल्वादोर’ आणि ब्राझीलमध्ये ‘साल्वा-विदास’ किंवा ‘ग्वार्दा-विदास’ म्हणतात. दोन्ही देशांचे पाहुणे येणार असतील तर पाटीवर ‘नाँव विजियादा’ ठेवावे. ते दोघांनाही समजते.

येथे थोडे थांबून पाट्यांच्या भाषेबद्दल लिहितो, कारण भाषांतर करणाऱ्याच्या हातात माणसाचा जीव असण्याचे प्रसंग या कामात क्वचितच येतात आणि पाटी हा त्यांपैकी एक आहे. पोर्तुगालच्या आल्गार्व्ह प्रांतात २१ ऑगस्ट २००९ रोजी आल्बुफैरा शहराजवळच्या मारिया लुइझा किनाऱ्यावर कड्याचा एक भाग कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. त्या भागातील कडे मऊ खडकाचे आहेत, पाणी आणि लाटा त्यांना सतत पोखरत असतात, आणि उन्हाळ्यात सावली शोधणारे लोक नेमके त्यांच्याच पायथ्याशी बसतात. अशा ठिकाणच्या पाटीवर लागतो तो शब्द ‘पेरिगो’, म्हणजे धोका. कडा अस्थिर आहे, दरड कोसळू शकते, एवढे त्याच्या सोबतीला पुरते. तेथे कोणी इंग्रजी मजकुरावरून ‘कड्याखाली बसणे आपल्या खात्यावर व जोखमीवर’ असे भाषांतर केले, तर वाचणारा ती कायदेशीर औपचारिकता समजून पुढे जाईल. ‘रिस्को’ हा मोजण्याचा, तोलण्याचा शब्द आहे. ‘पेरिगो’ हा समोर उभ्या असलेल्या संकटाचा शब्द आहे. पाटीवर दुसरा लागतो.

याचे उत्तम उदाहरण ब्राझीलच्या ईशान्येकडील रेसिफे शहरात आहे. तेथील बोआ व्हियाजेम किनाऱ्यावर १९९२ पासून शार्कचे हल्ले होऊ लागले आणि प्रशासनाने दोन भाषांत पाट्या लावल्या. पोर्तुगीज मजकूर ‘पेरिगो’ या शब्दाने सुरू होतो आणि हा भाग शार्कच्या हल्ल्याच्या कक्षेतला आहे, असे सरळ सांगतो. इंग्रजी मजकूर मात्र येथे स्नान करणाऱ्यांना शार्कच्या हल्ल्याची जोखीम सरासरीपेक्षा अधिक आहे, अशा वळणाने लिहिलेला आहे. तीच पाटी, तोच मासा. पण एक भाषा जागेचा गुणधर्म सांगते आणि दुसरी माणसाच्या वाट्याला येणारी शक्यता सांगते. ज्याने कोणी हा मजकूर तयार केला त्याने एका भाषेचे वाक्य दुसरीवर लादले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

वाहनतळाच्या पाटीकडे वळू. मराठीत आपण ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत’ असे लिहितो, म्हणजे इंग्रजीतल्या ‘रिस्क’च्या जागी जबाबदारी आणतो. पोर्तुगीजचीही पाट्यांवरची प्रकृती अशीच आहे. तेथे बहुधा दोन रचना दिसतात. एक क्रियापदाची: ‘नाँव नोस रेस्पोन्साबिलिझामोस पोर…’, म्हणजे अमुक गोष्टींची जबाबदारी आम्ही घेत नाही. दुसरी नामाची: अमुक गोष्ट ‘दा इन्तैरा रेस्पोन्साबिलिदादे दो उतिलिझादोर’, म्हणजे सर्वस्वी वापरकर्त्याच्या जबाबदारीची आहे. (‘उतिलिझादोर’ हा पोर्तुगालचा शब्द, ब्राझीलमध्ये वापरकर्त्याला ‘उझुआरियो’ म्हणतात.) आपण यांपैकी पहिली घ्यावी आणि पुढे वाहनात ठेवलेल्या वस्तूंचा उल्लेख करावा, कारण ब्राझीलमधल्या वाहनतळांवर ‘गाडीत ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी आम्ही घेत नाही’ हे वाक्य इतके रुळलेले आहे की पाहुण्याला त्यात वावगे वाटणार नाही. येथे ‘रिस्को’ शब्द टाळण्याला आणखी एक कारण आहे. पोर्तुगीजमध्ये ‘रिस्को’ या शब्दाचा दुसरा अर्थ रेघ, ओरखडा असा आहे. ‘रिस्कार’ म्हणजे रेघ ओढणे. गाडीच्या रंगावर उठलेले ओरखडे म्हणजे ‘रिस्कोस’. वाहनतळाच्या पाटीवर ‘आम्ही रिस्कोसची जबाबदारी घेत नाही’ असे लिहिले, तर निम्मे वाचक ते ओरखड्यांबद्दल समजतील. नुकसान म्हणायचे असेल तेथे ‘दानोस’ लिहावे.

वाहनतळाच्याच निमित्ताने एक गोष्ट आपल्या ग्राहकाच्या कानावर घालावी. जबाबदारी नाकारणारे वाक्य लिहिले म्हणजे जबाबदारी संपली, असे पोर्तुगीजभाषक देशांचे कायदे मानत नाहीत आणि तेथून आलेले पाहुणे हे जाणून असतात. ब्राझीलच्या उच्च न्यायाधिकरणाने, म्हणजे सुपेरियोर त्रिबुनाल दे जुस्तिसाने, आपल्या १३० व्या सूत्रात (म्हणजे न्यायालयाच्या स्थिर मताच्या क्रमांकित सारांशात) स्पष्ट म्हटले आहे की स्वतःच्या वाहनतळात ग्राहकाच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी झाल्यास भरपाईची जबाबदारी त्या व्यवसायाची आहे. १९९० च्या ब्राझिलियन ग्राहक संरक्षण संहितेचे २५ वे कलम भरपाईचे बंधन अशक्य करणारी, त्यातून सूट देणारी किंवा ते सौम्य करणारी अट घालण्यास मनाई करते. पोर्तुगालमध्ये छापील, एकतर्फी अटींबद्दलचा १९८५ चा ४४६ क्रमांकाचा अध्यादेश आहे. त्याच्या १८ व्या कलमानुसार जीवित, शारीरिक किंवा मानसिक सुरक्षितता आणि आरोग्य यांना पोहोचलेल्या हानीची जबाबदारी वगळणाऱ्या अटी सर्वथा निषिद्ध आहेत. आपल्या ग्राहकाचा व्यवसाय भारतात आहे आणि त्याला लागू होणारा कायदा भारताचाच असेल. तरीही पोर्तुगीज वाचणाऱ्या पाहुण्याला अशी पाटी पोकळ वाटण्याची शक्यता आहे, हे त्याला सांगणे हा आपल्या कामाचाच भाग आहे असे मी मानतो.

मालाच्या अटींचा विषय सर्वांत समृद्ध आहे. ‘माल खरेदीदाराच्या जोखमीवर पाठवला जाईल’ या इंग्रजी वाक्याचे भाषांतर ‘माल पोर सुआ कोन्ता ए रिस्को जाईल’ असे करता येईल आणि जुन्या व्यापारी पत्रांना ते शोभलेही असते. परंतु आजच्या कायद्याच्या पोर्तुगीजमध्ये या कामासाठी स्वतंत्र आणि फार सुरेख रचना आहे: ‘ओस रिस्कोस कोर्रेम पोर कोन्ता दो कोम्प्रादोर’, म्हणजे जोखमी खरेदीदाराच्या खात्यावर धावतात. ‘कोर्रेर’ म्हणजे धावणे. बोलण्यात माणूस ‘कोर्रे ओ रिस्को’ करतो, म्हणजे जोखीम पत्करतो. कायद्यात कर्ता बदलतो, जोखीमच धावू लागते आणि कोणाच्या तरी खात्यावर जाऊन थांबते. ब्राझीलच्या २००२ च्या नागरी संहितेचे ४९२ वे कलम याच शब्दांत लिहिलेले आहे: वस्तू हाती सोपवली जाईपर्यंत वस्तूच्या जोखमी विक्रेत्याच्या खात्यावर आणि किमतीच्या जोखमी खरेदीदाराच्या खात्यावर. पुढे ४९४ वे कलम सांगते की खरेदीदाराच्या सांगण्यावरून माल दुसऱ्या ठिकाणी पाठवला, तर तो वाहतूक करणाऱ्याच्या हाती दिल्यावर जोखीम खरेदीदाराकडे जाते. पोर्तुगालच्या १९६६ च्या नागरी संहितेत हाच विषय ७९६ व्या कलमात आहे आणि तेथेही क्रियापद ‘कोर्रेर’ आणि जोडशब्द ‘पोर कोन्ता’ हेच आहेत. मात्र खरेदीदाराला ‘आद्किरेन्ते’, म्हणजे संपादन करणारा, म्हटले आहे आणि नियमही वेगळा आहे. पोर्तुगीज कायद्यात निश्चित वस्तूची मालकी सामान्यतः करारानेच हस्तांतरित होते, त्यामुळे जोखीमही सामान्यतः करारासोबतच सरकते. ब्राझीलमध्ये ती प्रत्यक्ष ताबा देण्यासोबत सरकते. घरगुती ग्राहकासाठी युरोपीय संघाचा २०११ चा ग्राहक हक्क निर्देश याहून वेगळे ठरवतो: व्यापाऱ्याने पाठवलेल्या मालाची जोखीम ग्राहकाच्या हाती माल पडल्यावरच त्याच्याकडे जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली भाषेची: ‘रिस्कोस’ हे कर्तापद करून ‘कोर्रेम पोर कोन्ता दो कोम्प्रादोर’ लिहावे आणि ‘सुआ’ हे सर्वनाम येथे पूर्णपणे टाळावे. दुसरी मजकुराची: इंग्रजी अटीत जोखीम कोणत्या क्षणी सरकते हे लिहिलेले नसेल, तर भाषांतरात ते आपल्या मनाने घालू नये; ग्राहकाला विचारावे. लिस्बनचा वाचक आणि साओ पाउलोचा वाचक तो क्षण आपापल्या सवयीने गृहीत धरतील आणि दोघांची गृहीतके वेगळी असतील.

‘सुआ’ का टाळावे, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण या प्रयोगातली सर्वाधिक व्याकरणाची गोची तेथे आहे. ‘सुआ’ म्हणजे आपली, त्याची, तिची आणि त्यांचीही. ‘भाडेकरूने मालकाला कळवले की दुरुस्ती पोर सुआ कोन्ता ए रिस्को होईल’ या वाक्यात दुरुस्तीचा खर्च आणि जोखीम नेमकी कोणाची, हे व्याकरण सांगत नाही. करारात अशी संदिग्धता महागात पडते. तेथे ‘पोर कोन्ता ए रिस्को दो इन्किलिनो’, म्हणजे भाडेकरूच्या खात्यावर व जोखमीवर, असे नाम घालून लिहावे. वाचकाला उद्देशून लिहिताना संबोधनाचाही प्रश्न येतो. अनौपचारिक एकवचनी संबोधन असेल तर ‘पोर तुआ कोन्ता ए रिस्को’. अनेकांना उद्देशून बोलताना पोर्तुगालमध्ये ‘पोर वोसा कोन्ता ए रिस्को’ म्हणतात, जे ब्राझीलच्या कानाला फार जुनाट किंवा देवळातले वाटते. अपरिचित पाहुण्यांसाठी ‘सुआ’ हेच दोन्हीकडे योग्य. ‘सुआ’ हे रूप ‘कोन्ता’ या स्त्रीलिंगी शब्दाशी जुळते आणि ‘रिस्को’ हा पुल्लिंगी शब्द त्याच्या आश्रयाने येतो. नवशिके पुष्कळदा ‘रिस्को’आधी पुन्हा पुल्लिंगी सर्वनाम घालतात, त्याची गरज नसते. जोर द्यायचा असेल तर ‘पोर सुआ प्रोप्रिया कोन्ता ए रिस्को’ म्हणता येते.

इंग्रजी शब्दामागे शब्द ठेवून केलेले ‘आ सेउ प्रोप्रियो रिस्को’ हे रूप आपल्याला ठिकठिकाणी छापलेले आढळेल. त्याचा अर्थ लागतो, म्हणून ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याला भाषांतराचा वास येतो, आणि वर सांगितलेल्या ‘दिन्येरो आ रिस्को’मध्ये ‘आ रिस्को’चा अर्थ देणाऱ्याची जोखीम असा होता, हेही ध्यानात ठेवावे. तयार, सर्वांना ठाऊक असलेला प्रयोग हाताशी असताना तो सोडून हे घेण्याचे कारण नाही.

याच्या उलट चूक म्हणजे जोडशब्दातला अर्धा भाग गाळणे. जागा कमी आहे म्हणून ‘ए रिस्को’ वगळून नुसते ‘पोर सुआ कोन्ता’ लिहिले, तर अर्थ बदलतो. ‘पोर मिन्या कोन्ता’ म्हणजे खर्च माझ्याकडे. उपाहारगृहात मित्राला सांगावे तसे. ‘पोर कोन्ता प्रोप्रिया’ म्हणजे स्वतंत्रपणे, कोणाच्या नोकरीत न राहता. स्वयंरोजगार करणाऱ्याला याच शब्दांनी ओळखले जाते, आणि पोर्तुगालमध्ये नोकरदाराला ‘त्राबाल्यादोर पोर कोन्ता दे ओउत्रेम’, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर काम करणारा, म्हणतात. शिवाय ब्राझीलमध्ये ‘पोर कोन्ता दे’ हे ‘मुळे’ या अर्थाने सर्रास वापरले जाते. त्यामुळे ‘पोर कोन्ता दो रिस्को’ असे लिहिले, तर तेथला वाचक ते ‘जोखमीमुळे’ असे वाचेल. शुद्धतेचा आग्रह धरणारे या वापरावर टीका करतात. वर्तमानपत्रे तो वापरत राहतात. भाषांतर करणाऱ्याने त्या वादात न पडता वाक्य असे बांधावे की घोटाळ्याला जागाच राहणार नाही.

आता संमतीपत्र. पाहुणा स्वतःच्या इच्छेने समुद्रावरच्या खेळात भाग घेतो, त्याला धोक्यांची माहिती दिलेली आहे आणि तो तसे लिहून देतो: ‘पोर सुआ कोन्ता ए रिस्को’ हा प्रयोग शोभतो तो येथे, कारण त्यातला स्वेच्छेचा भाव या कागदाचाच भाव आहे. कागद पाहुण्याच्या तोंडचा असल्यामुळे ‘सुआ’ऐवजी ‘मिन्या’ येईल: ‘पार्तिसिपो पोर मिन्या कोन्ता ए रिस्को’, म्हणजे मी माझ्या खात्यावर व जोखमीवर भाग घेत आहे. इंग्रजी मजकुरात याच्या लगोलग ‘मी सर्व जोखीम स्वीकारतो’ असे वाक्य असते आणि त्यासाठी ‘आस्सुमिर ओ रिस्को’ हे क्रियापद लगेच सुचते. दिवाणी कागदात ते चालते, तरीही ब्राझीलच्या वाचकासाठी लिहिताना मी ते जपून वापरतो. ब्राझीलच्या दंडसंहितेच्या १८ व्या कलमात हेतुपूर्वक गुन्ह्याची व्याख्या करताना परिणाम घडावा अशी इच्छा असणे, किंवा तो घडण्याची ‘जोखीम पत्करणे’ (आणि तेथे हेच क्रियापद आहे), या दोन्ही गोष्टी एका ओळीत ठेवल्या आहेत. सान्ता मारिया शहरातील किस नाइटक्लबला २७ जानेवारी २०१३ रोजी आग लागून २४२ जणांचा मृत्यू झाला आणि त्या खटल्यात आरोपींनी मृत्यूची जोखीम पत्करली होती काय, हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. तेव्हापासून सामान्य ब्राझिलियन वाचकालाही हे शब्द फौजदारी अर्थाने परिचित आहेत. म्हणून संमतीपत्रात ‘या खेळाच्या धोक्यांची मला कल्पना दिली आहे व ते मी मान्य करतो’ या अर्थाचे वाक्य लिहावे. त्यासाठी ‘देक्लारो एस्तार सिएन्ते दोस रिस्कोस’, म्हणजे या जोखमींची मला जाणीव असल्याचे मी जाहीर करतो, ही ब्राझीलमधली रूढ सुरुवात आहे. पोर्तुगालच्या वाचकाला ‘सिएन्ते’पेक्षा ‘कोन्शिएन्ते’ अधिक जवळचे वाटेल. कागदाच्या शीर्षस्थानी दोन्हीकडे ‘तेर्मो दे रेस्पोन्साबिलिदादे’, म्हणजे जबाबदारीचे पत्र, हे समजते.

संमतीपत्रात जीवाला असलेल्या धोक्याचा उल्लेख असेल, तर आणखी एका वादाची माहिती हवी. ब्राझीलमध्ये पूर्वापार ‘रिस्को दे विदा’, म्हणजे जीवाची जोखीम, असे म्हणत. नंतर काही वृत्तसंस्था आणि दूरचित्रवाहिन्यांनी, धोका मरणाचा असतो, जगण्याचा नसतो, या तर्काने ‘रिस्को दे मोर्ते’ हे रूप पुढे आणले आणि ते आता सर्वत्र ऐकू येते. मला पहिले रूपच बरोबर वाटते. ‘जीवाची जोखीम’मध्ये जीव गमावण्याची जोखीम हा अर्थ आपोआप येतो, मराठीत ‘जिवाला धोका’ म्हणताना कोणी अडखळत नाही. शिवाय ब्राझीलच्या १९४० च्या दंडसंहितेत गंभीर दुखापतीची व्याख्या करताना ‘पेरिगो दे विदा’ असेच शब्द आहेत, आणि पोर्तुगालमध्ये बोलण्यातही हेच रूप चालते. दोन्ही देशांच्या वाचकांसाठी एकच कागद करायचा असल्याने ‘पेरिगो दे विदा’ वापरावे; त्यावर कोणाचाच आक्षेप येत नाही.

आपण विचारलेले नाही, पण पुढच्या कामात उपयोगी पडेल म्हणून इंग्रजीतल्या शेजारच्या प्रयोगांबद्दल थोडे लिहितो. ‘अमुक वाटण्याची जोखीम पत्करून सांगतो’ या अर्थाच्या इंग्रजी सुरुवातीसाठी ‘कोर्रेन्दो ओ रिस्को दे’ ही रचना नैसर्गिक आहे. ‘असे न केल्यास अमुक होण्याचा धोका’ या अर्थी मात्र पोर्तुगीज माणूस बहुतेकदा ‘सोब पेना दे’, म्हणजे शब्दशः ‘अमुक शिक्षेस पात्र होऊन’, असे म्हणतो. नियमावलीत आणि सूचनापत्रात ते हमखास येते, अगदी शिक्षेचा काहीही संबंध नसतानाही. संगणक प्रणालींच्या परवान्यांत ‘वापर आपल्या जोखमीवर’ यासाठी ‘पोर सुआ कोन्ता ए रिस्को’ दोन्ही देशांत रुळलेले आहे. मात्र त्याच्याजवळ येणाऱ्या ‘जसे आहे तसे’ या अटीला पोर्तुगालमध्ये ‘ताल कोमो एस्ता’ आणि ब्राझीलमध्ये ‘नो एस्तादो एम के से एन्कोन्त्रा’ असे लिहितात. आणि जाहिरातीत पाहुण्यांना धाडसाला प्रवृत्त करायचे असेल तर ‘केंय नाँव आरिस्का, नाँव पेतिस्का’ ही म्हण आहे: जो जोखीम घेत नाही त्याला चटकमटक खायला मिळत नाही. ती दोन्ही देशांत लोकप्रिय आहे आणि तिचा सूर हलका आहे. संमतीपत्राच्या जवळपास मात्र तिला येऊ देऊ नये, कारण सुरक्षिततेच्या सूचनांशेजारी तो हलकेपणा पाहुण्याला बेफिकिरीसारखा वाटेल.

आपल्या चार जागांसाठी मी पुढीलप्रमाणे लिहीन. तलावाजवळ ‘पिसिना नाँव विजियादा’ आणि त्याखाली लहान मुलांसोबत मोठ्यांनी थांबावे अशी सूचना, कारण इंग्रजी पाटीतून गळलेली पण खरी आवश्यक गोष्ट ती आहे. ती घालण्यापूर्वी ग्राहकाची परवानगी मात्र घ्यावी. वाहनतळावर ‘नाँव नोस रेस्पोन्साबिलिझामोस पोर ओब्जेतोस दैशादोस नो वेइकुलो’, म्हणजे वाहनात ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी आम्ही घेत नाही. मालाच्या अटींत ‘ओस रिस्कोस दो त्रान्स्पोर्ते कोर्रेम पोर कोन्ता दो कोम्प्रादोर’, आणि जोखीम सरकण्याचा क्षण ग्राहकाकडून लेखी मिळाल्यावर त्याच वाक्यात तो जोडावा. संमतीपत्रात ‘पार्तिसिपो पोर मिन्या कोन्ता ए रिस्को’. शेवटच्या दोन कागदांवर वाद झाल्यास इंग्रजी आणि पोर्तुगीज यांपैकी कोणता मजकूर ग्राह्य धरायचा, हे एका ओळीत नमूद करायला ग्राहकाला सांगावे आणि ती ओळ त्याच्या वकिलाने लिहावी, आपण नव्हे.